उरलेले चार सामने

खेळ हा विषय नीतिविचाराच्या कक्षेत येत नाही, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून अद्यापि आढळते. मुलाने अभ्यास संपवून खेळावे, प्रौढाने कचेरीतून आल्यावर सामन्याची हकीकत वाचावी, आणि दोघांनीही पानावर बसण्यापूर्वी ती विसरून जावी, एवढीच खेळाची योग्यता मानली जाते. आम्हांस ही समजूत मान्य नाही. न्याय, दया, दिलेला शब्द, प्रतिस्पर्ध्याविषयीचा आदर या गोष्टींचा व्यवहारात जो गुंता होऊन बसतो, तो उकलून पाहण्यास खेळाच्या मैदानाइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. कारण तेथे नियम लेखी असतात, साक्षीदार हजारो असतात, आणि निकाल आकड्यांत मांडलेला असतो. अशाच एका प्रसंगाचा विचार येथे करावयाचा आहे. हा प्रसंग इटलीतील पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल-स्पर्धेतील, १९४८-४९ या वर्षीचा.

महायुद्ध संपले तेव्हा इटलीतील दळणवळण इतके मोडून पडले होते की, १९४५-४६ ची स्पर्धा प्रथम उत्तर व दक्षिण अशा दोन भागांत विभागून खेळवावी लागली. पराभूत, अर्धपोटी आणि आपल्याच गतकाळाविषयी ओशाळलेल्या त्या राष्ट्रात उत्तरेकडील तुरीन शहराचा तोरीनो हा संघ उदयास आला. उदयास आला म्हणण्यापेक्षा पुन्हा दिसू लागला असे म्हणणे अधिक बरोबर. कारण युद्ध ऐन भरात असताना, १९४२-४३ मध्येही, अजिंक्यपद त्याचेच होते. पुढे १९४६, १९४७ व १९४८ या तिन्ही वर्षी ते त्याच्याकडेच राहिले. १९४७-४८ मध्ये या संघाने ४० सामन्यांत १२५ गोल केले. ११ मे १९४७ रोजी हंगेरीविरुद्ध इटलीचा जो राष्ट्रीय संघ उतरला, त्यातील ११ पैकी १० खेळाडू एकट्या तोरीनोचे होते. संघाचा सूत्रधार एर्नो एग्री एर्ब्स्टाइन हा हंगेरीतील यहुदी. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे त्याला इटली सोडावी लागली होती. युद्धकाळातील छळातून वाचून तो पुन्हा त्याच शहरात, त्याच संघाकडे परत आला. खेळाडूंचा शिक्षक लेस्ली लीव्हस्ली हा इंग्रज, म्हणजे ज्या राष्ट्राशी इटलीचे नुकतेच युद्ध होऊन गेले त्याचा नागरिक. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या माणसांनी एकमेकांची तोंडे पाहणेही अशक्य होते, ती येथे एका चेंडूपायी एकत्र नांदत होती. तेव्हा या संघावर त्या लोकांनी जीव टाकला यात नवल नाही. आपणही माणसांत मोडतो, असे त्या संघाकडे पाहून त्यांना वाटत असले पाहिजे.

३० एप्रिल १९४९ रोजी मिलान येथे इंटर या संघाशी तोरीनोची गोलशून्य बरोबरी झाली. इंटर हाच त्या वर्षीचा सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी. ही बरोबरी झाल्यावर स्पर्धेतील चार सामने उरले होते आणि तोरीनोची आघाडी चार गुणांची होती. त्या काळी विजयास दोन गुण व बरोबरीस एक गुण मिळत असे. म्हणजे अजिंक्यपद बहुतेक हाती आले होते. पण ‘बहुतेक’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा विचार त्यावर उभा आहे. यानंतर संघ लिस्बनला गेला. बेन्फिका या तेथील संघाचा कर्णधार फ्रान्सिश्कु फेरेइरा याच्या गौरवार्थ ३ मे रोजी एक मित्रत्वाचा सामना ठरला होता. तो तोरीनोने तिनास चार गोलांनी गमावला. दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, परतीचे विमान तुरीनजवळ येऊन पोचले तेव्हा टेकड्या ढगांनी व धुक्याने झाकून गेल्या होत्या. सायंकाळी पाचच्या सुमारास ते सुपेर्गा टेकडीवरील बॅसिलिकेच्या मागील भिंतीवर आदळले. ३१ माणसे गेली. त्यांत १८ खेळाडू होते, दोन्ही परदेशी शिक्षक होते, वृत्तपत्रांचे तीन प्रतिनिधी होते. मृतदेह ओळखण्याचे काम व्हित्तोरिओ पोत्सो याच्यावर येऊन पडले. इटलीला १९३४ व १९३८ चे विश्वविजेतेपद मिळवून देणारा आणि यांतील बहुतेक तरुणांना राष्ट्रीय संघात खेळवणारा तो हाच. ६ मे रोजी निघालेल्या अंत्ययात्रेस पाच लाखांहून अधिक लोक रस्त्यावर आले होते. या भागाविषयी अधिक लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शोकाचे वर्णन लांबविल्याने शोकाचा मान वाढत नसतो.

पण लोक घरोघर परतले आणि स्पर्धा मात्र तशीच उरली. चार सामने शिल्लक होते, आणि ज्याने ते खेळावयाचे तो संघच नाहीसा झाला होता. गुडघ्याच्या दुखण्यामुळे प्रवासास न गेलेला साउरो तोमा आणि असेच एकदोघे सोडले तर मैदानात उतरण्याजोगे कोणी उरले नव्हते. नियमाप्रमाणे पाहिले तर संघ हजर नाही म्हणजे सामना गेला. चारही सामने असे गेले असते आणि इंटरने आपले चारही जिंकले असते, तर अजिंक्यपद इंटरकडे गेले असते. नियमात याविरुद्ध काही नव्हते. मृत्यूची सबब नियम करणाऱ्यांच्या मनात आलेली नसते. आली असती तर त्यांनी नियम केलेच नसते, असेही कधी कधी आम्हांस वाटते.

झाले ते असे. प्रतिस्पर्धी संघांच्याच विनंतीवरून तोरीनोला त्या वर्षीचा अजिंक्य संघ म्हणून घोषित करण्यात आले. आणि उरलेल्या चार सामन्यांसाठी तोरीनोने आपली कुमार-संघातील मुले उतरवली, तेव्हा समोरच्या जेनोआ, पालेर्मो, साम्पदोरिया व फिओरेन्तिना या चारही संघांनी आपले कसलेले खेळाडू बाजूस ठेवून आपापली मुलेच उतरवली. तोरीनोच्या मुलांनी जेनोआवर ४-०, पालेर्मोवर ३-०, साम्पदोरियावर ३-२ आणि फिओरेन्तिनावर २-० असे विजय मिळवले. स्पर्धेअखेर तोरीनोचे ६० गुण झाले व इंटरचे ५५.

ही दोन कृत्ये, घोषणा आणि मुलांना मुलांपुढे उभे करणे, सामान्यतः एकाच औदार्याच्या दोन बाजू म्हणून सांगितली जातात. आम्हांस ती एक वाटत नाहीत. किंबहुना नीट पाहिले असता ती एकमेकांस छेद देतात. अजिंक्यपद आधीच देऊन टाकले असेल तर सामने खेळावयाचे कशासाठी? आणि सामने खऱ्या अर्थाने खेळावयाचे असतील तर त्यांचा निकाल आधी कसा देता येईल? तेव्हा यांपैकी कोणत्या कृत्यात मृतांचा खरा मान राखला गेला हा प्रश्न उरतोच.

प्रथम घोषणेचा विचार करू. तिच्या बाजूने बोलणारा म्हणेल की, ३४ सामने ज्यांनी खेळले आणि चार गुणांची आघाडी मिळवली त्यांचे कर्तृत्व पुरे झालेले होते. उरला होता तो केवळ उपचार. यावर आमचे म्हणणे असे की, तो उपचार नव्हता. अडतीस सामन्यांची स्पर्धा ही अडतीस सामन्यांचीच असते. चौतिसाव्या सामन्यावर जो पुढे आहे तो पुढे आहे, एवढेच त्याविषयी खरे म्हणता येते. मृत्यूने माणसाच्या हातून झालेले काम वाढत नाही. मृताविषयीच्या प्रेमाने ते वाढवून सांगण्याचा मोह होतो, आणि तो मोह कितीही निर्मळ असला तरी त्यात मृताचे आपण थोडेसे नुकसानच करतो. त्याने जे खरोखर केले त्यात आपण दिलेले मिसळून टाकतो, आणि मग कोणते त्याचे आणि कोणते आपले हे निवडता येत नाही. श्राद्धाच्या दिवशी वडिलांच्या गुणांत भर घालून बोलणारा मुलगा वडिलांना ओळखत होता की नाही, अशी शंका जवळच्या नातलगांना येते, तसेच हे.

याउलट दुसऱ्या कृत्याकडे पाहावे. जेनोआच्या चालकांपुढे तीन मार्ग होते. पूर्ण बळाने उतरून शोकाकुल मुलांना चिरडावे. किंवा पूर्ण बळाने उतरून मुद्दाम हरावे. किंवा आपणही मुलेच उतरवावी. पहिला मार्ग नियमाचा. दुसरा दयेचा, आणि तिन्हींत अत्यंत हीन मार्ग आमच्या मते हाच, कारण त्यात समोरच्या मुलांचा अपमान होता आणि पाहणाऱ्यांची फसवणूक होती. तिसरा मार्ग त्यांनी पत्करला. त्यात देणगी काही दिली गेली नाही. तोरीनोची मुले हरूही शकली असती. साम्पदोरियाविरुद्धचा ३-२ हा आकडा आम्हांस या साऱ्या हकिकतीत विशेष मोलाचा वाटतो. त्यातील ते दोन गोल साम्पदोरियाच्या मुलांनी केलेले आहेत. ती मुले आदर दाखवण्यासाठी आली असतील. परंतु चेंडू समोर आल्यावर त्यांनी तो मारला. अशी सचोटी नसती तर तोरीनोच्या मुलांचे ते तीन गोलही फुकट गेले असते.

आपल्याकडील वाचकांस येथे भीष्मपर्वाच्या आरंभीची गोष्ट आठवेल. युद्धास तोंड लागण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी काही नियम ठरवले: रथीने रथीशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, पायदळाने पायदळाशी, बेसावधावर, शस्त्र गळालेल्यावर प्रहार करू नये. हे नियम दयेचे नव्हेत. शत्रूला सोडून द्या असे त्यांत कोठेही नाही. समान बळ समोरासमोर यावे, म्हणजे जो निकाल लागेल त्यास काही अर्थ राहील, एवढाच त्यांचा हेतू. हे नियम कसे मोडले गेले तेही आपणांस ठाऊक आहे. सोळा वर्षांच्या अभिमन्यूला अनेक महारथींनी घेरून मारले. त्या दिवशी कौरवांच्या पदरी विजय पडला, पण तो सांगताना आजतागायत कोणाचा आवाज चढलेला आम्ही ऐकला नाही. जेनोआ अथवा फिओरेन्तिना यांनी पहिला मार्ग पत्करला असता तर त्यांना दोन-दोन गुण मिळाले असते, आणि त्या गुणांची अशीच गत झाली असती.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो फेटाळून लावण्याजोगा नाही. स्पर्धा दोघांची नसते, वीस संघांची असते. जेनोआने आपले बळ स्वेच्छेने कमी केले, पण त्याचा परिणाम तिसऱ्यावर झाला तर? औदार्य दुसऱ्याच्या खिशातून दाखवणे हा मनुष्यस्वभावाचा जुना दोष आहे; धर्मादाय निधीच्या जमाखर्चाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना तो सांगावयास नको. तेव्हा हिशेब मांडून पाहू. तोरीनो अग्रभागी होता. त्याला मिळालेल्या गुणांमुळे तळाशी धडपडणाऱ्या एकाही संघाचे स्थान हलले नाही. ज्यांचे गुण गेले ते चार संघ स्वतःच राजी होते. उरला तो इंटर. नुकसान संभवत होते ते त्याचेच, आणि त्यानेही हरकत घेतली नाही. म्हणजे ज्याच्या खिशातून जायचे त्याचीच संमती घेतलेली होती.

याच्या शेजारी, अवघ्या दोन वर्षांपूर्वीचे एक उदाहरण ठेवण्याजोगे आहे. १९४६-४७ मध्ये त्रिएस्तचा त्रिएस्तिना हा संघ अगदी शेवटचा आला. नियमाप्रमाणे त्याने खालच्या श्रेणीत जावयाचे. परंतु ते शहर त्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या लष्करी अंमलाखाली होते, त्याचे भवितव्य ठरावयाचे होते, आणि इटालियन लोकांच्या मनात ते एक दुखरे स्थान होते. म्हणून राष्ट्रभावनेच्या नावाखाली त्या संघास वर ठेवण्यात आले, आणि स्पर्धा २१ संघांची झाली. त्या वर्षी जे इतर संघ खाली गेले, त्यांनी काय म्हणावे? त्यांच्या शहरांवर लष्करी अंमल नव्हता हा त्यांचा दोष म्हणावयाचा काय? ही सवलत आम्हांस तोरीनोच्या प्रसंगाइतकी निर्दोष वाटत नाही. मात्र गंमत अशी की, पुढच्याच वर्षी हा त्रिएस्तिना संघ मिलान व जुव्हेन्तुस यांच्या बरोबरीने दुसऱ्या क्रमांकावर आला. सवलतीने जे मिळाले ते त्याने मैदानावर फेडले. फेडल्यामुळे सवलत योग्य ठरते का, हा निराळा प्रश्न आहे. ती योग्य ठरत नाही असेच आमचे मत आहे, पण त्रिएस्तमध्ये कोणी ते ऐकून घेईल असे वाटत नाही.

इंग्लंडात याहून वेगळी रीत दिसली. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेड या संघाचे विमान म्यूनिक येथे कोसळले. मृत्युमुखी पडलेल्या २३ जणांत ८ खेळाडू होते. तेरा दिवसांनी हा संघ शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध उतरला, तेव्हा सामन्याच्या छापील पत्रकात मँचेस्टरच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या सोडाव्या लागल्या होत्या. पण समोरच्यांनी आपली मुले उतरवली नाहीत. त्या दिवशी मँचेस्टर जिंकले. पुढे मे महिन्यात त्याच वर्षीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात बोल्टनने त्यांना २-० असे हरवले, आणि युरोपच्या चषकातून मिलानने ४-० अशा फरकाने बाहेर घालवले. नऊ वर्षांपूर्वी ज्या देशात मुलांपुढे मुले उभी केली गेली होती, त्याच देशातील हा संघ. याला निष्ठुरपणा म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. मँचेस्टरचा संघ अर्धामुर्धा का होईना शिल्लक होता, त्यास बाहेरून खेळाडू घेण्याची सोय झाली होती, आणि आम्हांस दुबळे समजू नका अशीच त्यांची वृत्ती होती. ज्याच्यात लढण्याची उमेद आहे त्याच्याशी पुरत्या बळाने लढणे हाही आदरच होय. तोरीनोच्या बाबतीत लढणाराच नव्हता, वारस होते. वारसांशी वारसांनीच खेळावे हे त्या चार संघांना सुचले.

बाह्य कृती एकच असली तरी तिचा अर्थ किती पालटू शकतो याचा दाखला बारा वर्षांनी तुरीनमध्येच मिळाला. १९६१ च्या एप्रिलमध्ये जुव्हेन्तुस व इंटर यांचा सामना प्रेक्षक मैदानाच्या कडेपर्यंत घुसल्यामुळे थांबला. प्रथम तो इंटरला बहाल करण्यात आला. नंतर अपिलात तो निर्णय फिरवून सामना पुन्हा खेळवण्याचे ठरले. राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष तोच जुव्हेन्तुसचाही अध्यक्ष असल्याने इंटरला हा निर्णय पक्षपाताचा वाटला. निषेध म्हणून १० जून १९६१ रोजी इंटरने आपली कुमार-संघातील मुले उतरवली. जुव्हेन्तुस पूर्ण बळाने उतरला आणि ९-१ असा जिंकला. १९४९ मध्ये मुले उतरवणे म्हणजे समोरच्याचे दुःख आपल्या अंगावर घेणे होते. १९६१ मध्ये तेच कृत्य रुसव्याचे हत्यार झाले, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. राग पुढाऱ्यांचा आणि नऊ गोल मुलांच्या खाती, हा व्यवहार आम्हांस मुळीच शोभादायक वाटत नाही, मग इंटरची तक्रार कितीही रास्त असो. त्या दिवशी इंटरचा एकुलता एक गोल करणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याचे नाव सांद्रो मात्सोला. सुपेर्गाच्या टेकडीवर गेलेला तोरीनोचा कर्णधार वालेन्तिनो मात्सोला याचा तो मुलगा. वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि इंटरच्याच एका खेळाडूने, बेनितो लोरेन्त्सी याने, या पोरक्या भावांना आपल्या संघाकडे आणले होते. त्याने पहिला सामना खेळला तो असा.

आता पुन्हा त्या घोषणेकडे वळू. ती चूक होती असे आम्ही म्हणत आहोत काय? शोकाच्या तिसऱ्या दिवशी माणसे जे बोलतात त्याचा तर्कशास्त्राने निवाडा करू नये, एवढी समज आम्हांसही आहे. परंतु तिची गरज नव्हती, हे त्या मुलांनी दाखवले. आघाडीच्या चार गुणांवर त्यांनी आठ गुणांची भर घातली, आणि साठ गुण झाले. ते साठ गुण कोणी बहाल केलेले नाहीत. बाणभट्टाची कादंबरी अपुरी राहिली, तेव्हा त्याच्या मुलाने उत्तरार्ध लिहून ती पुरी केली. हे काम आपण कवित्वाच्या गर्वाने हाती घेतलेले नाही. कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांस होणारे दुःख पाहून घेतले आहे, असे त्याने आरंभीच सांगून टाकले आहे. उत्तरार्धाची भाषा पूर्वार्धाच्या तोडीची नाही असे जाणते म्हणतात, आणि ते खरेही असेल. तरी ग्रंथ एकच मानला जातो, आणि मराठीने तर त्याच्या नावावरून एका सबंध साहित्यप्रकाराचे नाव ठेवले. बाण गेल्यावर त्या काळच्या पंडितांनी सभा भरवून ग्रंथ पूर्ण झाला असे समजावे, असा ठराव केला असता, तर तो मुलाच्या प्रयत्नाइतका बाणाच्या कामी आला असता काय?

एक गोष्ट मात्र उरते. अशी समता किती काळ पाळावयाची? चार सामने ही मर्यादा आपोआप ठरली होती, कारण स्पर्धाच जूनमध्ये संपत होती. ती फेब्रुवारीत असती तर? २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्या शापेकोएन्से या संघाचे विमान कोलंबियात कोसळले, तेव्हा अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी आत्लेतिको नासिओनाल याने चषक त्यांनाच द्यावा अशी विनंती केली व ती मान्य झाली. ब्राझीलमधील इतर संघांनी याहून पुढे जाऊन, तीन वर्षे या संघास खालच्या श्रेणीत ढकलू नये असे सुचवले. शापेकोएन्सेने चषक घेतला. ही दुसरी सवलत मात्र नाकारली. त्यांनी दोहोंत जो भेद केला तो आम्हांस फार विचारपूर्वक केलेला दिसतो, आणि २०१९ मध्ये त्यांना खाली जावे लागले तरी तो चुकीचा होता असे वाटत नाही.

तोरीनोलाही त्या जूननंतर कोणी सवलत दिली नाही. १९४९-५० चे अजिंक्यपद त्याच शहरातल्या जुव्हेन्तुसने मिळवले. दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, तोरीनो पहिल्या श्रेणीतून खाली गेला. समोरचे संघ तोवर आपापल्या पूर्ण बळाने खेळत आले होते. पुढचे अजिंक्यपद मिळावयास १९७६ साल उजाडले. त्या वर्षी दुसरा क्रमांक जुव्हेन्तुसचा होता, आणि दोघांत अंतर दोन गुणांचे.